रूबेन मामूलियन यांची कारकीर्द कशी अभ्यासावी

चित्रपटाच्या इतिहासात अमेरिकी नाट्य आणि चित्रपट दिग्दर्शक रूबेन मामूलियन यांचे नाव येते ते बहुधा 'सर्वप्रथम' या शब्दाला चिकटून. एका दृश्यासाठी दोन मायक्रोफोन वापरणारे पहिले, पात्राच्या मनातले बोल पडद्यावर ऐकवणारे पहिले, तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीने संपूर्ण लांबीचा चित्रपट पूर्ण करणारे पहिले. ही यादी हातात घेऊन त्यांचे चित्रपट पाहायला बसले, तर चार-पाच चमकदार युक्त्या टिपून होतात आणि अभ्यास तिथेच थांबतो. शिवाय यादीतला ध्वनीविषयीचा पहिलेपणा वादग्रस्त असतो, कारण 1927 ते 1932 या काळात अनेक जण एकाच वेळी त्याच अडचणींशी झगडत होते. या लेखात सुचवलेला मार्ग वेगळा आहे. मामूलियन हे मुळात लयीचे दिग्दर्शक होते. रंगमंचावरची हालचाल, आवाज, प्रकाश, रंग आणि कॅमेरा हे सारे त्यांनी संगीताच्या मात्रांवर बसवले. हे धरून चालले, तर त्यांची नाटके आणि चित्रपट एकाच कामाची दोन अंगे म्हणून वाचता येतात.

आधी दोन रकान्यांचा तक्ता करावा

मामूलियन यांनी पूर्ण केलेले चित्रपट सोळा आहेत. 1929 ते 1957 एवढ्या काळासाठी ही संख्या लहान दिसते. ती का लहान आहे, हे नाटकांचा रकाना शेजारी मांडल्याशिवाय समजत नाही. म्हणून कागदाच्या डाव्या बाजूला रंगभूमी आणि उजव्या बाजूला चित्रपट असा तक्ता करावा, आणि प्रत्येक नोंदीसमोर वर्षासोबत शहर आणि संस्थाही लिहावी.

तक्ता 1897 मध्ये टिफ्लिस, म्हणजे आजचे तिबिलिसी, येथे सुरू होतो. मामूलियन यांचा जन्म तिथल्या एका आर्मेनियन कुटुंबात झाला. मॉस्कोत त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात मॉस्को आर्ट थिएटरशी जोडलेल्या, दिग्दर्शक वाख्तांगव यांच्या स्टुडिओत नाट्यशिक्षणही घेतले. 1922 मध्ये लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात त्यांनी एक वास्तववादी नाटक बसवले. त्यानंतर मात्र हुबेहूब वास्तवाची वाट सोडून आपण शैलीकडे वळलो, असे ते पुढे सांगत. 1923 मध्ये ते अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरला गेले. कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांच्या पैशावर तिथे नवे नाट्यगृह आणि संगीत विद्यालय उभे राहिले होते, आणि व्लादिमीर रोझिंग यांच्या देखरेखीखाली ऑपेराचा विभाग चालत होता.

रॉचेस्टरच्या नोंदीला तक्त्यात ठळक जागा द्यावी. बहुतेक लेखांत ही वर्षे एका ओळीत उरकली जातात, आणि माझ्या मते तिथेच चूक होते. इथे त्यांना ऑपेरा आणि ऑपेरेट्टा बसवण्याचे काम मिळाले. नाटकात नट आपला वेग स्वतः ठरवू शकतो. ऑपेरात वेग वाद्यवृंदाच्या हाती असतो, आणि दिग्दर्शकाला प्रत्येक पाऊल, प्रत्येक वळण स्वरलिपीतल्या ठरलेल्या जागी बसवावे लागते. मार्था ग्रॅहम याच काळात त्या विद्यालयात नृत्य शिकवत होत्या. 1926 नंतर न्यूयॉर्कच्या थिएटर गिल्ड या नाट्यसंस्थेसाठी गद्य नाटके बसवायला लागल्यावरही मामूलियन यांच्या हातून ही सवय सुटली नाही. गद्य नाटकालाही ते ऑपेरासारखेच मोजून बसवू लागले.

'पोर्गी'पासून सुरुवात करावी, पण ऐकून

ड्यूबोस आणि डोरोथी हेवर्ड यांचे 'पोर्गी' हे नाटक थिएटर गिल्डने 10 ऑक्टोबर 1927 रोजी रंगमंचावर आणले. चार्ल्स्टन शहरातील 'कॅटफिश रो' या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ते घडते. त्या प्रयोगाचे चित्रीकरण उपलब्ध नाही. तरीही अभ्यासाची सुरुवात तिथूनच करता येते, कारण त्यातल्या एका प्रसंगाची रचना मामूलियन यांनी वारंवार तपशीलवार सांगितली आहे. वस्ती सकाळी जागी होते, एवढाच तो प्रसंग. चार मात्रांचे आवर्तन धरलेले आहे. पहिल्या मात्रेवर रस्ता खणणाऱ्याचा घाव पडतो, दुसरी मात्रा रिकामी जाते, तिसरीवर कोणाचे तरी घोरणे ऐकू येते, चौथी पुन्हा रिकामी. मग एक बाई झाडू घेऊन येते आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेची रिकामी जागा खराट्याच्या आवाजाने भरते. पुढे धार लावणारा, चांभार, गालिचा झोडपणारी बाई असे एकेक आवाज मिसळत जातात, ठेका बदलतो, वेग चढतो आणि अखेरीस अख्खी वस्ती वाजू लागते.

हे वर्णन वाचून पुढे जाऊ नये. टेबलावर हाताने चार मात्रा धराव्यात आणि तीन निरनिराळे आवाज त्या-त्या जागी प्रत्यक्ष काढून पाहावेत. ज्यांनी टाळी धरून गाणे ऐकले आहे त्यांना यात अडचण येणार नाही. दुसरी आणि चौथी मात्रा भरल्याबरोबर त्या आवर्तनाचा स्वभाव कसा पालटतो हे ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. मामूलियन यांनी इथे आवाजांची गर्दी केलेली नव्हती. आधी रिकाम्या जागा मोजून ठेवल्या होत्या आणि मग त्या एकेक करून भरल्या होत्या.

यानंतर लगेच 1932 चा 'लव्ह मी टुनाइट' लावावा. कालक्रमाने मध्ये तीन चित्रपट येतात, पण ते तूर्त बाजूला ठेवावेत. चित्रपटाच्या आरंभी पॅरिस पहाटे जागे होते: रस्त्यावरचा घाव, फुटपाथवर झोपलेल्याचे घोरणे, झाडू, मग चांभारांच्या हातोड्या. रंगमंचावरची कल्पना इथे जशीच्या तशी ओळखू येते. हा भाग तीनदा पाहावा. पहिल्यांदा डोळे मिटून केवळ ऐकावे आणि ठेका कुठे बदलतो तिथे खूण करावी. दुसऱ्यांदा आवाज बंद करून प्रत्येक कट कोणत्या अंतराने येतो ते पाहावे. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र पाहावे. रंगमंचावर प्रेक्षकाला सगळी वस्ती एकदमच दिसत होती आणि कोणाकडे पाहायचे हे कानावरून ठरत होते. चित्रपटात दिग्दर्शक एका वेळी एकच माणूस दाखवतो, त्यामुळे नव्या वाद्याचा प्रवेश आणि नव्या चित्राचा प्रवेश एकाच क्षणी घडवता येतो. नाटक आणि चित्रपट यांतील फरकावर पानेच्या पाने लिहिण्यापेक्षा या दोन प्रसंगांची तुलना अधिक शिकवते.

याच चित्रपटात रिचर्ड रॉजर्स आणि लोरेन्झ हार्ट यांचे 'इझन्ट इट रोमँटिक' हे गाणे येते. मॉरिस शेव्हालिए यांचा शिंपी ते दुकानात गातो, गिऱ्हाईक गुणगुणत बाहेर नेते, टॅक्सीवाला ते उचलतो, टॅक्सीतला संगीतकार लिहून घेतो, आगगाडीतले सैनिक त्याचे कूचगीत करतात, एक जिप्सी वादक ते ऐकून व्हायोलिनवर वाजवतो आणि शेवटी ते गच्चीतल्या राजकन्येपर्यंत, म्हणजे जीनेट मॅकडोनल्ड यांच्यापर्यंत, पोहोचते. नायक-नायिकेची भेट झालेली नाही, पण गाणे दोघांचे झालेले आहे. इथे वहीत प्रत्येक हस्तांतरणाची नोंद करावी: सूर कोणाकडून कोणाकडे गेला, त्या वेळी ठेका बदलला का, आणि स्थळ किती लांब गेले. कथेचे काम संवादाऐवजी गाण्याच्या प्रवासाने कसे केले आहे, हे त्या नोंदीतून आपोआप दिसते. आणखी एक प्रसंग चुकवू नये. शिकारीच्या अखेरीस नायक सगळ्यांना सांगतो की हरीण झोपले आहे, आवाज न करता परत फिरा. आणि घोडेस्वारांचा सगळा लवाजमा संथ गतीने, तरंगत निघून जातो. संथ गती इथे शोभेसाठी आलेली नसून विनोदाचे काम करते, हे महत्त्वाचे.

मग मागे जावे: 'अप्लॉज' आणि 'सिटी स्ट्रीट्स'

1929 चा 'अप्लॉज' हा त्यांचा पहिला चित्रपट न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया स्टुडिओत पॅरामाउंटसाठी तयार झाला. तो पाहताना त्या वर्षीची अडचण सतत लक्षात ठेवावी. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन यांना बंद खोक्यात ठेवत. नटांनी लपवलेल्या मायक्रोफोनच्या आसपासच बोलायचे असे. त्यामुळे त्या काळातले अनेक बोलपट खिळवून ठेवल्यासारखे दिसतात. शक्य असल्यास 1929 चा दुसरा कोणताही साधारण बोलपट दहा मिनिटे पाहून मग 'अप्लॉज' लावावा. ओसाड रस्त्यावर वाऱ्याने उडणारे कागद आणि मग लांबून येणारा बँडचा आवाज, हा आरंभ पाहिला की कॅमेरा मोकळा झाल्याचे लगेच जाणवते.

अंगाईचे दृश्य मात्र थांबून अभ्यासावे. हेलन मॉर्गन यांनी साकारलेली उतरत्या वयाची बर्लेस्क, म्हणजे उत्तान करमणुकीच्या खेळांतली, नर्तकी मुलीला झोपवण्यासाठी गाणे म्हणते, आणि नुकतीच कॉन्व्हेंटमधून आलेली मुलगी त्याच वेळी प्रार्थना पुटपुटते. गाण्यासाठी एक आणि प्रार्थनेसाठी एक असे दोन मायक्रोफोन लावून दोन्ही आवाज नंतर एकत्र केलेले आहेत. तंत्राचा मुद्दा एवढाच. आपण विचारायचा प्रश्न निराळा आहे: दोघींचे आवाज एकाच मायक्रोफोनने टिपले असते, तर प्रेक्षकाला काय कळले नसते? आईचे बाजारू गाणे आणि मुलीची प्रार्थना एकमेकांना ऐकू येतात, तरीही एकमेकांत मिसळत नाहीत. आई-मुलीतले अंतर आणि माया दोन्ही त्यातून एकदम सांगितली जातात.

1931 च्या 'सिटी स्ट्रीट्स'वर फार वेळ घालवू नये. डॅशिएल हॅमेट यांच्या कथेवरचा हा गुन्हेगारी चित्रपट मधूनमधून सपाट होतो. तुरुंगात पडलेल्या सिल्व्हिया सिडनी यांच्या चेहऱ्यावर आधी ऐकलेले संवाद आठवणीसारखे ऐकू येतात, तो भाग तेवढा नीट पाहावा. आज ही पद्धत इतकी रूढ झाली आहे की तिचे नावीन्य आपल्याला कल्पनेनेच समजून घ्यावे लागते.

'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड': घड्याळ हाती घेऊन

सज्जन डॉक्टर जेकिल औषध घेऊन क्रूर हाइड बनतो, अशी कथा असलेला, 1931 च्या अखेरीस आलेला हा चित्रपट कारकिर्दीच्या मध्यभागी ठेवावा, कारण आतापर्यंत टिपलेली प्रत्येक गोष्ट इथे एका हेतूसाठी वापरलेली आहे. सुरुवातीची काही मिनिटे कॅमेरा जेकिलच्या डोळ्यांतून पाहतो. ऑर्गनवर बाखची रचना वाजवणारे हात दिसतात, नोकर येऊन आपल्याशीच बोलतो, आपण चालत आरशापुढे जातो आणि तिथे प्रथमच फ्रेडरिक मार्च यांचा चेहरा दिसतो. मग बग्गी, मग व्याख्यानाचे सभागृह, आणि तिथे पोहोचल्यावर कॅमेरा त्यांच्या शरीरातून बाहेर येतो. या क्षणी चित्रपट थांबवून एक वाक्य लिहावे: इथून पुढे आपल्याला कोण पाहते आहे? पुढे रूपांतराच्या वेळी आपण पुन्हा त्याच डोळ्यांत शिरतो, आणि आरंभीच्या त्या मिनिटांचे प्रयोजन तिथे उघड होते.

यानंतर घड्याळ लावून डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरत असतानाच त्यावर दुसरे उमटण्याच्या जागा, मोजावेत. मिरियम हॉपकिन्स यांची आयव्ही पलंगाच्या कडेवरून पाय हलवते, आणि जेकिल रस्त्यावर मित्राशी बोलत चालला असतानाही तो हलणारा पाय चित्रावर तरळत राहतो. एक दृश्य संपून दुसरे सुरू झाले एवढे सांगायला डिझॉल्व्ह क्षणभर पुरतो; इथे तो इतका लांबवला आहे की मित्राचे बोलणे आणि जेकिलच्या मनातले चित्र आपण एकाच वेळी अनुभवतो. 'अप्लॉज'मध्ये दोन आवाज एकत्र ऐकवले, इथे दोन चित्रे एकत्र दाखवली. पडदा तिरका कापून दोन स्थळे शेजारीशेजारी ठेवणारे वाइपही याच नोंदीत जोडावेत.

रूपांतराच्या पहिल्या टप्प्यात चेहरा कटशिवाय काळवंडतो. मार्च यांच्या चेहऱ्यावर रंगीत मेकअप केलेला होता आणि कॅमेऱ्यासमोरच्या रंगीत फिल्टरमुळे तो आधी दिसत नव्हता. फिल्टर बदलताच कृष्णधवल फिल्मवर तो उमटू लागला. मामूलियन यांनी ही युक्ती अनेक दशके गुपित ठेवली. परंतु छायालेखक कार्ल स्ट्रस यांनी 1925 च्या 'बेन-हर'मध्ये कुष्ठरोगी बरे होण्याच्या दृश्यासाठी हीच पद्धत आधी वापरली होती. 'सर्वप्रथम'च्या याद्या का टाळाव्यात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही. युक्ती स्ट्रस यांची असेल, पण तिला फिरता कॅमेरा आणि त्या विलक्षण ध्वनिपट्टीची जोड देऊन तिच्यातून भोवळ निर्माण करणे हे मामूलियन यांचे काम. ध्वनीत हृदयाचे ठोके आहेत. आपण जिन्यावरून धावून आपल्याच छातीचे ठोके ध्वनिमुद्रित केले, असे ते सांगत. त्यात उलटा वाजवलेला घंटेचा नाद आणि प्रकाशाच्या साहाय्याने थेट ध्वनिपट्टीवर उमटवलेले स्वरही होते.

मार्च यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. त्या वर्षी ते त्यांच्यात आणि वॉलेस बिअरी यांच्यात वाटले गेले.

पाहण्यापूर्वी प्रत तपासणे इथे अत्यावश्यक आहे. 1934 पासून चित्रपटांत काय दाखवू नये हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाल्यावर पुनःप्रदर्शनासाठी चित्रपट कापला गेला. पुढे एमजीएम या स्टुडिओने आपल्या 1941 च्या नव्या आवृत्तीसाठी हक्क विकत घेऊन जुना चित्रपट वितरणातून काढला. बराच काळ तो नीट पाहायलाच मिळत नव्हता. आज पुनर्संचयित प्रत उपलब्ध आहे, तीच घ्यावी. 'लव्ह मी टुनाइट'च्या बाबतीत असे भाग्य नाही. पुनःप्रदर्शनावेळी कापलेले तुकडे हरवले आहेत, आणि आज आपण पाहतो ती मूळ लांबीपेक्षा कमी असलेली प्रत आहे. तिच्या लयीविषयी लिहिताना एवढी सावधगिरी बाळगावी.

संगीत नसलेल्या ठिकाणी लय शोधावी

एवढा सराव झाल्यावर 1933 चा 'क्वीन क्रिस्टिना' पाहावा. प्रेमाची रात्र सरल्यावर ग्रेटा गार्बो सराईतल्या खोलीत हिंडतात, वस्तूंना हात लावतात, भिंत, चरखा, पलंग असे एकेक डोळ्यांत साठवून घेतात. हे दृश्य मेट्रोनोमच्या, म्हणजे ताल देणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर बसवलेले होते. पडद्यावर ठोका ऐकू येत नाही. म्हणून तो शोधून काढणे हाच सराव. आवाज बंद करून त्यांच्या पावलांवर बोटाने ताल धरावा. काही क्षणांत तो सापडतो, आणि मग थांबण्याच्या जागाही मोजून ठेवलेल्या आहेत हे दिसते. शेवटच्या, जहाजावरच्या दीर्घ क्लोजअपमध्ये उलट हालचाल जवळजवळ नाहीच. मामूलियन यांनी गार्बो यांना कशाचाही विचार न करता चेहरा कोरा ठेवायला सांगितले होते, अशी त्यांची प्रसिद्ध हकीकत आहे. तिथे लय फक्त कॅमेऱ्याच्या जवळ येण्यात उरते.

रंगाचा आलेख काढावा

1935 चा 'बेकी शार्प' हा थॅकरे यांच्या कादंबरीवर आधारित चित्रपट कथा म्हणून मला कधीच फार प्रभावी वाटला नाही. आधीचे दिग्दर्शक लोवेल शर्मन यांचे काम सुरू असतानाच निधन झाले आणि मामूलियन यांनी सूत्रे हाती घेतली. रंगयोजनेसाठी रंगभूमीवरचे नामवंत नेपथ्यकार रॉबर्ट एडमंड जोन्स सोबत होते. वॉटर्लूच्या लढाईच्या आदल्या रात्रीचा नृत्यसमारंभ तेवढा काळजीपूर्वक पाहावा. तोफांचा आवाज येतो, घबराट पसरते, आणि पाहुणे रंगांच्या क्रमाने पडद्यावरून पळतात: आधी थंड, मंद रंग, मग उबदार, आणि अखेरीस अधिकाऱ्यांच्या लाल झग्यांचा लोंढा. वास्तवात सैनिक आधी धावले असते. मामूलियन यांनी ही तर्काची मोडतोड स्वतःच मान्य केली होती. रंगाची चढण त्यांना अधिक महत्त्वाची वाटली. रंगीत पेन्सिली घेऊन दर काही सेकंदांना चित्रातला प्रमुख रंग कागदावर भरत जावा. 'पोर्गी'च्या सकाळीचीच रचना इथे रंगांत केलेली दिसते. याही चित्रपटाच्या प्रतीची चौकशी करावी, कारण अनेक वर्षे तो निकृष्ट, दोन रंगांच्या प्रतींतच फिरत होता आणि मूळ रंग 1980 च्या दशकातल्या पुनर्संचयनानंतर परत मिळाले.

1941 च्या 'ब्लड अँड सँड'साठी त्यांनी गोया, व्हेलास्केझ, एल ग्रेको अशा स्पॅनिश चित्रकारांकडून दृश्यांचे रंग आणि प्रकाश घेतले. या चित्रकारांची काही चित्रे शेजारी उघडी ठेवून चित्रपट पाहावा. छायालेखनाचे ऑस्कर त्याला मिळाले, आणि ते योग्य होते. 1948 मध्ये प्रदर्शित झालेल्या 'समर हॉलिडे'तील मद्यालयाचे दृश्य या आलेखाचे शेवटचे पान. मुलगा जसजसा पितो तसतशी समोरची स्त्री अधिक लाल, अधिक मोठी, अधिक झळाळती दिसू लागते. रंग इथे पात्राच्या डोळ्यांत शिरला आहे. जेकिलच्या कॅमेऱ्याची आठवण त्यामुळे होतेच.

हरवलेले प्रयोग कागदांतून उभे करावेत

अभ्यासाचा सर्वांत कठीण भाग हा. 'पोर्गी अँड बेस' हा गर्श्विन यांचा ऑपेरा 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या अॅल्विन थिएटरात, 'ओक्लाहोमा!' 31 मार्च 1943 रोजी तिथल्याच सेंट जेम्स थिएटरात आणि 'कॅरोसेल' 1945 मध्ये मॅजेस्टिक थिएटरात, हे तिन्ही प्रयोग मामूलियन यांनी दिग्दर्शित केले, आणि अमेरिकी संगीत रंगभूमीवर त्यांचा ठसा कदाचित चित्रपटांहूनही खोल आहे. 'ओक्लाहोमा!'चे 2,212 प्रयोग झाले. 'कॅरोसेल'चे 890 झाले. तरीही संगीत नाटकाच्या चाहत्यांना संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टीन आठवतात, नृत्यासाठी ॲग्नेस डी मिल आठवतात, आणि दिग्दर्शकाचे नाव मागे राहते.

पुढे आलेले चित्रपट पाहून मूळ प्रयोगाचा अंदाज बांधू नये. त्यांचे दिग्दर्शन इतरांचे आहे आणि पडदा फार रुंद आहे. त्याऐवजी छापील संहिता आणि स्वरलिपी घ्यावी, त्यातल्या रंगसूचनांवर खुणा कराव्यात, 1943 मध्ये मूळ नटसंचाने केलेली 'ओक्लाहोमा!'ची ध्वनिमुद्रिका ऐकावी, प्रयोगांची छायाचित्रे क्रमाने लावावीत आणि त्या काळच्या वृत्तपत्रांतली परीक्षणे वाचावीत. मामूलियन यांची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेली आहेत. गंभीर संशोधन करणाऱ्याला तिथल्या सूचीपासून सुरुवात करता येईल. साध्या अभ्यासकाने दोन पडदे उघडण्याच्या क्षणांची तुलना केली तरी पुरे. 'ओक्लाहोमा!'चा पडदा उघडतो तेव्हा नर्तिकांची रांग नाही, मोठे समूहगीत नाही. एक प्रौढ बाई लोणी घुसळत बसली आहे आणि गाण्याचा आवाज विंगेतून येतो. 'कॅरोसेल'मध्ये नेहमीचे आरंभसंगीत नाही. पडदा उघडताच जत्रेचे संपूर्ण दृश्य संवादाविना, वॉल्ट्झच्या चालीवर घडते. एक आरंभ रिकाम्या मात्रेचा आहे, दुसरा भरलेल्या मात्रेचा. 'पोर्गी'तल्या आवर्तनात या दोन्ही गोष्टी आपण टेबलावर वाजवल्या आहेत.

इथे एक सावधगिरी. संगीत नाटक हे अनेकांचे काम असते. विंगेतला आवाज लेखकाच्या संहितेतही असू शकतो, नृत्याचा वेग डी मिल यांचा असतो. जिथे पुरावा छायाचित्रात, रंगसूचनेत किंवा समकालीन वर्णनात मिळतो तेवढेच श्रेय दिग्दर्शकाच्या खात्यावर लिहावे.

हकीकती आणि टीका यांचे काय करावे

मामूलियन उत्तम बोलत आणि दीर्घायुषी होते. 1987 मध्ये, नव्वदीत पाऊल टाकल्यावर त्यांचे निधन झाले. त्यामुळे स्टुडिओचे तंत्रज्ञ नकार देत होते आणि आपण अडून बसलो, अशा हकीकती मुख्यतः त्यांच्याच तोंडून, घटनेनंतर कित्येक दशकांनी नोंदल्या गेल्या. त्या टाकून देऊ नयेत, पण वहीत वेगळ्या शाईने लिहाव्यात. पडद्यावर दिसते ते एका रंगात, दुसऱ्याने सांगितलेले दुसऱ्या रंगात आणि त्यांनी स्वतः सांगितलेले तिसऱ्या रंगात, एवढी शिस्त ठेवली तर लेखन करताना गोंधळ होत नाही. मेट्रोनोमची गोष्ट, उदाहरणार्थ, दृश्यातच तपासता येते. जिन्यावरच्या धावण्याची तपासता येत नाही.

समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी 1968 मध्ये मामूलियन यांना नवकल्पना संपलेला नवप्रवर्तक ठरवले. हे मत पुढे इतके उद्धृत झाले की उत्तरार्धाचे चित्रपट न पाहताच लोक ते मान्य करतात. माझा आक्षेप असा की, हा हिशेब केवळ उजव्या रकान्याचा आहे. 1937 नंतर चित्रपटांतली धिटाई कमी झाली हे खरे. 1940 चा 'द मार्क ऑफ झोरो' झकास असूनही त्यात नवा शोध असा नाही, आणि 1942 च्या विनोदी चित्रपटाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. पण डाव्या रकान्यात त्याच सुमारास 'ओक्लाहोमा!' आणि 'कॅरोसेल' उभे आहेत. काम एका घरातून दुसऱ्या घरात गेले होते.

तक्त्यातल्या कोऱ्या जागांचीही नोंद हवी. 1944 च्या 'लॉरा'चे दिग्दर्शन त्यांच्याकडून काढून ऑटो प्रेमिंजर यांच्याकडे गेले. 'पोर्गी अँड बेस'च्या चित्रपटावरून 1958 मध्ये निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांनी त्यांना दूर केले, आणि तोही प्रेमिंजर यांनाच मिळाला; ती कथा दोनदा रंगमंचावर आणणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडले. 'क्लिओपात्रा'चे चित्रीकरण अडखळत असताना 1961 च्या आरंभी त्यांनी ते काम सोडले. या तीन ठिकाणी प्रदर्शित चित्रपटांतून त्यांचे अंश शोधण्याचा मोह टाळावा. 1957 चा 'सिल्क स्टॉकिंग्ज' हाच पूर्ण झालेला शेवटचा चित्रपट मानावा. त्यात सिड चॅरिस लोकरी मोजे काढून रेशमी मोजे घालण्याचे नृत्य एकट्याने करतात, ते 'क्वीन क्रिस्टिना'तल्या खोलीच्या दृश्यानंतर लगेच लावून पाहावे. वस्तूंना स्पर्श करत खोलीभर फिरण्याची तीच रचना, मात्र आता वाद्यवृंद उघडपणे सोबत आहे.

ज्यांच्याकडे वेळ थोडा आहे त्यांनी आधी 'लव्ह मी टुनाइट'ची पहिली दहा मिनिटे, मग 'अप्लॉज'मधली अंगाई, मग 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' संपूर्ण, आणि शेवटी 'बेकी शार्प'मधला नृत्यसमारंभ या क्रमाने पाहावे. 'ओक्लाहोमा!'ची ध्वनिमुद्रिका या क्रमात कुठेही ऐकली तरी चालेल, फक्त ती ऐकताना हातात संहिता असावी.